शेजारचा जिना आणि आमची कूलरची खिडकी

घर, प्लॉट, हद्द आणि परवानगीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचा प्लॉट तीस बाय पन्नासचा. घर १९९८ साली बांधलं. भूकंपाला तेव्हा पाचच वर्षं झाली होती, म्हणून मिस्टरांनी पै-पै जमवून खिडक्यांच्या वरून सगळीकडे सिमेंटचा पट्टा फिरवून घेतला होता. शेजारच्यांचाही प्लॉट तेवढाच. त्यांचंही घर त्याच मिस्त्रीच्या हातचं. दोन्ही भिंतींच्या मध्ये पाच फूट जागा आमची, पाच फूट त्यांची आणि मधे पाच फुटी कंपाऊंड. आजवर आमची कधी कुरबूर नव्हती.

आता शेजारच्यांनी वर तीन खोल्या काढायला घेतल्या आहेत. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या गेटवर 'मुलांसाठी रूम मिळेल' अशी पाटी आहे, क्लासची मुलं जूनपासून यायला लागतात, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण वर जायचा जिना घरातून न काढता ते आमच्या बाजूच्या पाच फुटांतून बाहेरून काढणार आहेत. त्यासाठी बाजूला मोकळं सोडायच्या अंतरात सवलत मिळावी असा अर्ज त्यांनी महापालिकेत दिला आहे. त्यांचा मोठा मुलगा पाचशेच्या बॉण्डवर टाईप केलेलं संमतीपत्र घेऊन आला. म्हणाला, "मावशी, फक्त सही करा, बाकी सगळं झालंय." मी सही केली नाही. तेव्हापासून वहिनी गेटपाशी दिसल्या की आत जातात.

माझं म्हणणं असं : त्या बाजूला आमच्या बेडरूमची खिडकी आहे आणि खिडकीत कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये त्याच्याशिवाय झोप नाही. जिन्यावरून पोरं येता-जाता सरळ आत बघणार. रात्री-बेरात्री पायऱ्या वाजणार. मी त्या बोळीत कुरडया, सांडगे, मिरच्या वाळवते, तिथं ऊन येणार नाही. त्यांचा जुना पत्रा पावसात आमच्याकडे गळतो तो वेगळाच. पोरांच्या गाड्या आमच्या गेटसमोर लागणार. जिना ज्या दिशेला येतोय ते वास्तुशास्त्रातही बसत नाही. आमच्याकडे त्या बाजूला फक्त धुण्याचा वट्टा आणि त्याच्यावर पत्रा आहे, बाकी सगळं मोकळं ठेवलंय. शिवाय त्यांच्या मिस्त्रीने आमच्या कामवाल्या मावशींना सांगितलं की जिन्याखाली मुलांसाठी संडास-बाथरूम होणार आहे. माझ्या हरकतीला काही किंमत आहे का? ती कुठं द्यायची? सुनेचं म्हणणं, 'आई, जाऊ द्या, रोजची तोंडं बघायचीत.'

– एक वाचक, लातूर

उत्तर : बाई, सही केली नाहीत ते बरं केलंत. इतक्यात करूही नका. मात्र तो बॉण्ड पुन्हा आला तर निदान ठेवून घ्या आणि शांतपणे वाचा. अशा कागदात शेवटी 'भविष्यात माझी अथवा माझ्या वारसांची याबाबत कोणतीही तक्रार राहणार नाही' हे वाक्य हमखास असतं. जिन्याला होकार आणि जिन्याखाली जे जे होईल त्याला होकार, असे दोन्ही त्या एका सहीत जातात.

आधी कायद्यात तुमची जागा कुठे आहे ते सांगतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही मोजकी क्षेत्रं सोडली तर सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आहे. कार्यालयात तिला यूडीसीपीआर म्हणतात. तुमच्या शेजाऱ्यांच्या प्लॉटएवढे, म्हणजे दीड हजार चौरस फुटांपर्यंतचे प्लॉट असतील तर परवानगीची कटकट कमी केली आहे, नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती यावर काम सुरू करता येतं. यातून पुष्कळांचा समज झाला की लहान प्लॉटला नियमच नाहीत. तसं नाही. बाजूला सोडायचं अंतर लहान प्लॉटलाही सोडावंच लागतं. तुमचे शेजारी सवलत मागायला गेले याचाच अर्थ त्यांच्या आर्किटेक्टला हे माहीत आहे. माणूस सरळ मार्गाने गेलाय, हे तुमच्या रागात हरवू देऊ नका. आमच्या काळात बाहेरचा जिना आधी उभा राहायचा आणि मग नोटीस जायची.

सवलतीचा अधिकार नियमावलीने महापालिकेला दिला आहे, पण मोकाट नाही. उघड दाखवता येईल अशी अडचण असली पाहिजे. सूट का दिली याची कारणं लेखी नोंदवायची असतात. आणि त्या सुटीमुळे आरोग्य, आगीपासूनची सुरक्षितता, बांधकामाची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा यायला नको. ही सुरक्षितता फक्त त्या घरात राहणाऱ्यांची नाही, आसपासच्यांचीही. तुमच्या हरकतीला पाय ठेवायला जागा मिळते ती इथे. रस्त्याकडचं पुढचं अंतर, चटईक्षेत्र (म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते) आणि पार्किंग या तिन्हींत मात्र, नियमावलीतच वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, सूट देताच येत नाही, अडचण कितीही मोठी असो.

अडचण म्हणजे काय, यावर टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे फार वेगळी मतं असतात. प्लॉट तिरका आहे, एका बाजूला नाला आहे, जुन्या घराची भिंत अशी बसलीय की दुसरीकडे जिना निघूच शकत नाही, ही अडचण. घरातून जिना काढला तर हॉल लहान होतो आणि भाडेकरू आपल्या हॉलमधून जाणार, ही गैरसोय. दुसरीला पहिलीचे कपडे घालून अर्ज येतो, तो ओळखणं हे अधिकाऱ्याचं काम. तुमच्या हरकतीत एवढं एक वाक्य जरूर असू द्या : 'मागच्या बाजूने किंवा घरातून जिना काढणे शक्य आहे का, याची स्थळपाहणी करून नोंद घ्यावी.' तीस बाय पन्नासच्या प्लॉटला मागेही जागा सोडलेली असते. तिथून वळणाचा जिना निघतो का, हे बघणं त्यांच्या आर्किटेक्टला अर्ध्या तासाचं काम आहे.

आता तुमच्या तक्रारींची गाठोडी सोडतो. वास्तुशास्त्र काढून टाका. त्याला कुठल्याही फायलीत रकाना नाही, आणि तुमच्या बाकीच्या म्हणण्याचं वजन त्याने कमी होतं. पायऱ्यांचा आवाजही इथे चालणार नाही. माणसं जिना चढणार म्हणून जिना नाकारता येत नाही. जुना पत्रा गळतो ती खरी तक्रार आहे, आपल्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या हद्दीत सोडायचा हक्क असा सहजी कुणाला नसतो, पण तो वेगळा विषय आहे. तो वेगळ्या अर्जात द्या. एका हरकतीत आठ गोष्टी असल्या की वाचणारा सगळ्यात फुसकी निवडतो आणि तिच्यावर शेरा मारतो. मी स्वतः तसे शेरे मारलेले आहेत.

गाड्या गेटसमोर लागतील, हे 'लागतील' म्हणून लिहू नका. तीन खोल्यांत किती मुलं राहणार आणि नकाशात दुचाकींना जागा किती दाखवली आहे, हे विचारा. पार्किंगमध्ये सूट नाही म्हटल्यावर हा प्रश्न कागदावर आला की त्याचं उत्तर कागदावरच द्यावं लागतं.

नजरेचा मुद्दा बायकांच्या दृष्टीने सगळ्यात जिव्हाळ्याचा, आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात पातळ. खाजगीपणा राहावा म्हणून शेजाऱ्याने बांधूच नये, असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. एखाद्या गावात तशी रूढ प्रथा सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण म्हणून तो सोडायचा नाही, तो वेगळ्या तऱ्हेने मांडायचा. पायरीची उंची साधारण साडेसहा इंच धरा. दहाव्या पायरीवर माणसाचे पाय तुमच्या कंपाऊंडच्या माथ्याच्याही वर असतात. त्यावर त्याची पाच-सव्वापाच फुटांवरची नजर. म्हणजे जिन्याचा वरचा निम्मा भाग तुमच्या खिडकीवर उघडतो. सवलत देताना आयुक्त अटी घालू शकतात. तेव्हा 'जिना नको' याच्या खाली 'जिना मंजूर झाल्यास दहाव्या पायरीपासून वर आमच्या बाजूने आडोसा असावा आणि जिन्याचा चौथरा (लँडिंग) खिडकीसमोर येऊ नये' हेही मागा. पुष्कळ हरकतदारांना असं मागण्यात कमीपणा वाटतो, आपण हरलो असं वाटतं. फायलीवर मात्र शेवटी टिकतात त्या अटीच.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तुम्ही शेवटी, कामवाल्या मावशींच्या तोंडून, जाता जाता सांगितली आहे. जिन्याखालचा संडास-बाथरूम.

मोकळा जिना हवा फारशी अडवत नाही. लोखंडी असेल, पायऱ्यांच्या मधे फट असेल, तर पाच फुटांतून वारा जातोच. अडवतं ते जिन्याच्या खालचं आणि वरचं. आधी खाली भिंत चढते आणि दार बसतं. मग पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात म्हणून वर पत्रा येतो. मग पत्र्याखाली पाऊस तिरपा येतो म्हणून बाजूला फायबरची शीट येते. दोन वर्षांत पाच फुटांची मोकळी जागा जमिनीपासून गच्चीपर्यंत बंद होते, आणि मंजूर नकाशात तिथे नुसता 'मोकळा जिना' असतो. लातुरात, नांदेडात, संभाजीनगरच्या सिडकोतल्या जुन्या रो-हाऊसांत, कुठेही फिरा, हा क्रम तुम्हाला बघायला मिळेल.

तुमच्या कूलरवर याचा परिणाम काय, ते नीट लिहा, कारण हे अधिकाऱ्याच्याही घरात आहे आणि त्याला कळतं. आपला लोखंडी कूलर तीन बाजूंच्या गवतातून बाहेरची कोरडी हवा ओढतो, ती ओली करून खोलीत फेकतो. बाहेर कोरडी हवा खेळती असेल तरच तो गार करतो. समोर चार-पाच फुटांवर बंद भिंत आणि वर पत्रा आला, तर तो त्याच कोंडलेल्या दमट हवेला फिरवत बसेल. त्यात जिन्याखालच्या संडासाची झडप त्याच बोळीत उघडणार असेल, तर कूलर तीच हवा तुमच्या बेडरूममध्ये आणणार. हा आरोग्याचा मुद्दा झाला, आणि नियमावलीतल्या चार शब्दांपैकी पहिलाच शब्द आरोग्य आहे. शिवाय बंद संडास-बाथरूम चटईक्षेत्रात मोजावं लागतं. तीन खोल्या वर काढल्यावर त्यांचं चटईक्षेत्र शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी, पण शिल्लक नसेल तर ते सवलतीने देता येत नाही.

तेव्हा पहिलं काम, त्यांनी सादर केलेला नकाशा बघणं. माहिती अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात, प्रत पानाला दोन रुपये, आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. या प्रकरणात तीस दिवस थांबणं परवडणार नाही, म्हणून अर्ज टाकून ठेवा आणि त्याच दिवशी नगररचना विभागात जाऊन फाईल दाखवा अशी विनंतीही करा. तुमच्या मुलाला बरोबर न्या. जिन्याखाली रिकामी जागा दाखवली असेल तर तुमचं निम्मं काम झालं : 'नकाशात दाखवल्याप्रमाणे जिन्याखालील जागा कायम मोकळी राहील, जिन्यावर छप्पर व बाजूस बंदिस्त आवरण करता येणार नाही' ही अट मागायची. संडास दाखवला असेल तर वरचा मुद्दा चढवायचा.

आणखी एक, आणि हा तुमच्या मिस्टरांच्या पट्ट्याशी निगडित आहे. ३० सप्टेंबर १९९३ नंतर आपल्याकडे जी घरं झाली त्यांतली पुष्कळ विटांच्या भिंतींवर उभी आहेत आणि त्या भिंतींना बांधून ठेवतो तो खिडक्यांवरचा पट्टा. शेजारचं घर त्याच मिस्त्रीच्या हातचं म्हणता, म्हणजे बहुधा तसंच असणार. बाहेरचा जिना जुन्या भिंतीत खाचे मारून, त्या पट्ट्याला भोकं पाडून टेकवणार आहेत, की स्वतःच्या खांबांवर उभा राहणार आहे? वर तीन खोल्यांचा भार येतोय तो वेगळाच. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडलं आहे का, एवढं विचारा. हा प्रश्न त्यांच्याही भल्याचा आहे, त्यामुळे तो मांडताना तुमचा आवाज आपोआप वेगळा लागेल.

आता थोडं कटू. तुमच्या बाजूला 'फक्त धुण्याचा वट्टा आणि त्याच्यावर पत्रा' आहे. तो पत्रा तुमच्या पाच फुटांतच आहे ना? तुमच्या मंजूर नकाशात तो आहे का? हरकत आली की स्थळपाहणी होते, आणि टेप धरणारा माणूस दोन्ही घरांच्या मधे उभा असतो. पहिल्यांदा त्याची नजर वर जाते. शेजाऱ्यांचा आर्किटेक्ट तर नक्कीच बोट दाखवणार. हरकत देण्याआधी तो पत्रा उतरवा, आणि धुणं उघड्यावर होऊ द्या किंवा मागे न्या. हे तुम्हाला पटणार नाही, पण तो पत्रा वर असताना बाजूच्या अंतराविषयी लिहिलेली प्रत्येक ओळ तुमच्यावरच उलटते.

मग टेप घ्या. स्वतःच्या भिंतीच्या बाहेरच्या प्लास्टरपासून कंपाऊंडच्या मध्यापर्यंत पुढे एकदा आणि मागे एकदा मोजा. लेआऊटमधली कंपाऊंडं क्वचितच भिंतीला समांतर असतात, पुढे पाच फूट भरले तरी मागे साडेचार निघतात. खिडकीची रुंदी, उंची, जमिनीपासूनचं अंतर लिहा. खिडकीसमोर उभं राहून दोन फोटो, एक सकाळी, एक दुपारी. हरकतीच्या वर प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर, अर्जदाराचं नाव आणि मिळाला तर त्यांच्या अर्जाचा क्रमांक. एक प्रत नगररचना विभागाला, एक आयुक्तांच्या नावाने, आणि तिसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख. 'ठेवून जा, बघतो' यावर घरी येऊ नका.

घाई का, तेही सांगतो. परवानगी देण्याआधी शेजाऱ्याला नोटीस द्यायचीच अशी कायद्यात सक्ती नाही. सवलतीच्या प्रकरणात शेजाऱ्याचं संमतीपत्र काही ठिकाणी मागतात, ती कामाची रीत आहे. आणि १९६६ च्या नगररचना अधिनियमात कलम ४७ चं जे अपील आहे ते अर्जदाराला आहे, परवानगी नाकारली किंवा अटी जाचक वाटल्या तर चाळीस दिवसांत सरकारकडे जायला. शेजाऱ्याला तो दरवाजा नाही. एकदा मंजुरी मिळाली की तुमच्यासाठी उरतं ते हायकोर्टाचं खंडपीठ, आणि तिथला वकील तुमच्या पेन्शनला झेपणारा नसतो. मंजुरीआधीच काम सुरू झालं तर मात्र लगेच लेखी कळवा. कलम ५४ खाली काम थांबवायची नोटीस देता येते.

खिडकीचा एक स्वतंत्र हक्क तुमच्याकडे आहे, तो महापालिकेच्या फाईलपासून वेगळा समजा. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीच्या खिडकीतून उजेड आणि हवा वीस वर्षं शांततेत, खंड न पडता, हक्काने घेतली असेल तर तो हक्क पक्का होतो. तुमची खिडकी १९९८ ची, वीस वर्षं केव्हाच उलटली. पण त्याला दोन बारकावे आहेत. अडथळा आल्यावर तो माहीत असून वर्षभर तुम्ही निमूट सोसलात, तर तो खंड धरला जातो. आणि नुकसान खरंच ठळक असावं लागतं, उजेड जरासा कमी झाला एवढ्यावर दिवाणी कोर्ट मनाई देत नाही. कुरडयांचं म्हणाल, तर कलम १७ ने मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या ऊन-हवेचा असा हक्क वहिवाटीने मिळतच नाही. खिडकीला मिळतो, अंगणाला नाही. सांडगे गच्चीवर न्यावे लागतील.

सुनेचं म्हणणं मला अर्धं पटतं. तोंडं रोज बघायचीत, म्हणूनच हरकत देण्याआधी एकदा शेजारच्यांकडे जा, आणि वहिनींशी नव्हे, मुलाशी बोला. बॉण्ड तो घेऊन आला होता. त्याला विचारा, "जिना मागून वळवला आणि खाली बंद काही केलं नाही, तर मी सही करते. आर्किटेक्टला विचारशील का?" नकाशा बदलायला त्यांचे चार पैसे जातील. पण तुमच्या हरकतीने फाईल दोन महिने लटकली तर यंदाची मुलं दुसऱ्या गल्लीत जातील, हे त्यालाही कळतं. तो हो म्हणाला तर बॉण्ड नव्याने टाईप होऊ द्या, त्यात जिन्याची जागा, रुंदी आणि 'खालील जागा मोकळी' हे शब्द असू द्या, सोबत नकाशाची प्रत जोडून तिच्यावर दोघांच्या सह्या. आणि ते 'भविष्यात कोणतीही तक्रार' वालं वाक्य पेनाने खोडून बाजूला सही.

तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आवक विभाग.

प्रश्न : आम्ही अंबाजोगाईत जुन्या घराला समोरून नवं रूप देतोय. काळा ग्रॅनाईट, त्यावर टाईल आणि वर जांभळा रंग. शेजारच्या काकांनी नगरपरिषदेत तक्रार केली की विनापरवाना बांधकाम चालू आहे. खरंच परवानगी लागते का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : रंग, प्लास्टर, फरशी-टाईल, कौलं-पत्रे बदलणं, याला परवानगी लागत नाही. जांभळा रंग काकांना आवडला नाही म्हणून तो बेकायदा होत नाही (मलाही आवडला नसता). पण काम चालू असताना हात पसरत जातात, तिथे जपा. खिडकी शेजाऱ्याच्या बाजूला नव्याने फोडलीत, किंवा ग्रॅनाईट बसवायच्या निमित्ताने ओटा गटारीपर्यंत पुढे आणलात, तर काकांची तक्रार खरी ठरेल. खिडकीवरचा छज्जा पाऊण मीटरपर्यंत बाहेर काढता येतो, मात्र स्वतःच्या हद्दीत. नगरपरिषदेतून कुणी आलं तर जुने आणि नवे फोटो शेजारी-शेजारी दाखवा, बाकी काही लागणार नाही.

प्रश्न : संभाजीनगरात बेगमपुऱ्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. समोरून तीन फूट बाल्कनी काढायची आहे. रस्त्याकडचं अंतर कमी पडतं, पण शेजारीपाजारी सगळे संमती द्यायला तयार आहेत. सवलत मिळेल ना? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळ्या गल्लीने सह्या दिल्या तरी नाही. रस्त्याकडच्या अंतरात सूट देता येत नाही हे वर लिहिलंच आहे. शेजाऱ्यांची संमती त्यांच्या खिडकीपुरती, रस्ता त्यांचा नाही.

तुमच्या बाबतीत त्याआधीच आणखी एक गोष्ट बघायला हवी. तुमच्या बेगमपुऱ्याजवळचा बीबी का मकबरा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, जुन्याची दुरुस्ती-डागडुजी तेवढी परवानगीने होते. त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित, तिथे बांधायलाही दुरुस्तीलाही आधी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. हे मीटर घुमटापासून मोजायचे नसतात, स्मारकाच्या संरक्षित आवाराच्या हद्दीपासून मोजायचे असतात, आणि मकबऱ्याचं आवार किती पसरलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाल्कनीचा नकाशा काढायला आर्किटेक्टला पैसे देण्याआधी तुमचं घर कुठल्या पट्ट्यात येतं ते लेखी विचारून घ्या. शंभरच्या आत निघालं तर तीन फुटांचा विषय सोडा आणि आहे त्या सज्ज्याच्या डागडुजीचा अर्ज करा.